आपली सोडायची, उरलेली धरायची

बोरवंड गावात म्हाळू नावाचा एक भोळा गडी होता. बाकी सगळं गाव शहाणं. एवढे शहाणे एका जागी राहायचे म्हणजे त्यांचं ऐकून घ्यायला कुणीतरी भोळा हवाच, आणि म्हाळू ते काम मन लावून करायचा. सांगितलेलं तो कधी विसरत नसे. ते कुठे वापरायचं, एवढंच त्याला कळत नसे.

आईबाप लहानपणीच गेलेले. ठकूआत्याने त्याला वाढवलं होतं. आत्या बोलायला फटकळ आणि स्वतःच्या हुशारीवर फार खूश. शेजारच्या गावच्या सगुणाशी तिने म्हाळूचं लग्न जमवत आणलं होतं. म्हाळूचा तर सगुणावर इतका जीव, की तिच्या गावाकडून वारा आला तरी हा उठून उभा राहायचा. पण सगुणाच्या बापाने अट घातली होती. दारात दुभती शेळी दिसली तर मुलगी देईन, नाहीतर नाही. आत्याच्या दारात कोंबडीसुद्धा नव्हती.

तेवढ्यात गावची जत्रा आली. जत्रेत एक खेळवाला तीन दुरड्या पालथ्या घालून बसला होता. एकीखाली नारळ, दोन रिकाम्या. नारळ सापडेल त्याला मागे बांधलेली दुभती शेळी. एका माणसाला दिवसाला एकच डाव. आधी आपण एका दुरडीवर हात ठेवायचा. मग खेळवाला उरलेल्या दोहोंतली एक रिकामी उघडून दाखवायचा आणि विचारायचा, हीच ठेवता की बदलता?

म्हाळूने एका दुरडीवर हात ठेवला. खेळवाल्याने दुसरी रिकामी दुरडी उघडली आणि बदलता का म्हणून विचारलं. हातचं सोडून पळत्याच्या मागे लागू नये, असं आत्याने लहानपणापासून शिकवलेलं. म्हाळूने हातचं सोडलं नाही. हातच्या दुरडीखाली नुसती जमीन निघाली.

पारावरच्या शहाण्यांनी यावर बराच वेळ विचार केला. दोनच दुरड्या उरल्या होत्या, तेव्हा निम्मी आशा इकडे आणि निम्मी तिकडे. बदललं काय आणि न बदललं काय, सारखंच. सगळ्यांनी माना हलवल्या. एकट्या ठकूआत्याने त्यांना मूर्खांत काढलं आणि म्हाळूला समोर बसवलं.

"तिनातली एक तू आंधळ्यावानी धरलीस. ती बहुतेक चुकीचीच असणार, आन तू धरलीस म्हंजे असणारच. आता खेळवाल्याला नारळ कुठं हाय ते ठावं असतं. तो जाणून रिकामीच उघडतो. मंग तू आधी चुकला असशील, तर नारळ उरलेलीच्या खाली. म्हणून एक उघडून दावली, की आपली सोडायची, उरलेली धरायची. ध्यानात आलं?"

म्हाळूच्या ध्यानात शेवटचं वाक्य आलं. तेवढंच लहान होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने हात ठेवला, खेळवाल्याने एक रिकामी उघडली, म्हाळूने आपली सोडून उरलेली धरली. नारळ निघाला. शहाणे म्हणाले, आंधळ्याचा नेम लागला. म्हाळू शेळी घेऊन घराकडे निघाला.

वाटेत विहीर लागली. तिथल्या बाभळीला दोन जनावरं आधीच बांधलेली होती. म्हाळूने आपली शेळी त्यांच्याशेजारी बांधली आणि पाणी प्यायला खाली उतरला. वर येतो तर एक माणूस त्याची स्वतःची शेळी सोडून घेऊन चाललेला. म्हाळू थबकला. तिनांतली एक गेली. म्हणजे आता आपली सोडायची, उरलेली धरायची. त्याने तसं केलं.

आत्या आनंदाने तांब्या घेऊन दूध काढायला बसली. तिने खाली हात घातला आणि लगेच मागे घेतला. उरलेला बोकड होता.

त्या बोकडाच्या मालकाने बाभळीखाली आत्याला जे ऐकवलं ते इथे सांगता येणार नाही. शेळी परत मिळाली, एवढं खरं. घरी आल्यावर आत्याने म्हाळूला बजावलं, "उघडणाऱ्याला आतलं ठावं असंल तरच बदलायचं. आधी इचारून घेत जा."

म्हाळूने तेही लक्षात ठेवलं. दारात शेळी दिसल्यावर सगुणाच्या बापाने लग्नाची तारीख धरली, आणि आनंदाने गूळ खाऊन खाऊन म्हाळूची दाढ दुखायला लागली. तो बाजारात दात काढणाऱ्याकडे गेला. कुठला दुखतो म्हणून त्याने विचारलं. म्हाळूने दुखऱ्या दाढेवर बोट ठेवलं. दातवाल्याने शेजारची दाढ ठोकून पाहिली आणि ही चांगली आहे म्हणाला. म्हाळूने बोट तसंच ठेवून त्याला विचारलं, आतलं सगळं तुम्हाला ठाऊक आहे ना? दातवाला चिडला. ठाऊक नसतं तर पक्कड घेऊन बसलो असतो का, असं म्हणाला. मग काय, म्हाळूने दुखऱ्या दाढेवरचं बोट उचललं आणि तिसरीवर ठेवलं.

चांगली दाढ खिशात आणि दुखरी तोंडात घेऊन तो घरी आला. आत्याने कपाळावर हात मारला. तिला खरं म्हणजे तो नियमच परत घ्यायचा होता. पण नियम बरोबर होता, आणि बरोबर असलेलं मागे घेणं तिच्या स्वभावात नव्हतं. ती म्हणाली, "दातांत न्हाई रं. मोठी किमतीची वस्तू आडपडद्याला लपवून ठेवली असंल, तिथंच ते करायचं."

आडपडद्याला, मोठी किमतीची. म्हाळूने दुखऱ्या गालाने दोनदा घोकलं.

लग्नाचा दिवस उजाडला. खर्च नको म्हणून एकाच मांडवात दोन लग्नं लावायची होती. एक सरपंचाच्या पुतणीचं, दुसरं म्हाळूचं. गुरुजी एकच. म्हाळू हार घेऊन पाटावर उभा राहिला. समोर अंतरपाट, पलीकडे सगुणा. शेजारच्या जोडीमध्ये दुसरा अंतरपाट. आणि मांडवाच्या कोपऱ्यात, जिथे बुंदी पाडणं चाललं होतं, तिथे आडोशाला एक धोतर बांधलेलं. म्हाळूने मोजलं. पडदे तीन.

मंगलाष्टकं चालू असताना तो हळूच वाकला आणि गुरुजींना आतलं ठाऊक आहे ना म्हणून विचारलं. गुरुजींना वाटलं, हा मंत्रांचा अर्थ विचारतोय. सगळं ठाऊक आहे, गप्प उभा राहा, असं त्यांनी दटावलं.

शेवटचं सावधान झालं. मान सरपंचाचा, म्हणून गुरुजींनी आधी त्यांचा अंतरपाट सरकवला. त्याआड सरपंचाची पुतणी निघाली. सगुणा नव्हती.

एक उघडून दाखवली. म्हाळूने आपली सोडली. तो पाटावरून उतरला, लोकांच्या डोक्यांवरून अक्षता पडत असताना थेट कोपऱ्यात गेला, धोतर बाजूला सारलं, आणि झारा घेऊन उभ्या असलेल्या मिशाळ आचाऱ्याच्या गळ्यात हार घातला.

वाजंत्री थांबली. इकडे म्हाळूच्या पाटासमोरचा अंतरपाट दूर झाला, तर पलीकडे सगुणा हातात हार घेऊन उभी, आणि अलीकडे रिकामा पाट. मुहूर्त टळत होता. आत्या केस मोकळे सुटलेल्या अवस्थेत धावत आली आणि म्हाळूचा दंड धरून ओढायला लागली. म्हणाली, हार काढ, अजून वेळ आहे, परत जाऊन सगुणाला घाल.

म्हाळू हलला नाही. शांतपणे म्हणाला, "आत्या, एकदा बदलल्यावर परत बदलायचं, हे तू शिकवलं न्हाईस."

सगुणाने हे ऐकलं. अंतरपाटाचं एक टोक तिचा आतेभाऊ येसू धरून उभा होता. लहानपणापासून तिला मागणी घालणारा, आणि शेळी नाही म्हणून बापाने नाकारलेला. सगुणाने एकदा कोपऱ्याकडे पाहिलं, एकदा येसूकडे पाहिलं, आणि हार येसूच्या गळ्यात घातला. बाप काही बोलायच्या आत गुरुजींनी घाईघाईने पुन्हा सावधान म्हटलं. वाजंत्री सुरू झाली.

आत्या मटकन खाली बसली आणि रडायला लागली. म्हाळूने आचाऱ्याच्या परातीतले मूठभर तांदूळ घेतले, सगुणा आणि येसूवर मनापासून टाकले, आणि आत्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाला, "रडतीस कशाला? तुझं खरं निघालं की. तिनं बदललं, आन तिला मिळालं."