धुरपदाआत्याच्या पाठीवरून चढलेली काठी

आमच्या डोंगराला पायऱ्या नव्हत्या आणि वरच्या देवाला छप्पर नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. जवळ सरका, सांगतो.

कुरणवाडीत धुरपदाआत्या राहायची. ती पायाळू, म्हणजे जन्मताना पाय पुढे करून आलेली. अशा माणसाचा पाय लागला की उसण जाते, मुरगळ उतरते, हे आपल्याकडे मानतातच. आत्यानं हळूच लाथ मारली की लंगडत आलेला माणूस उड्या मारत घरी जायचा, असं म्हणतात.

जत्रेत प्रत्येक वाडीची एक उंच वेळूची काठी निघायची. ती घेऊन डोंगर पळत चढायचा, जिची काठी आधी देवाला टेकेल ती वाडी जिंकली. ज्याच्या हातात काठी दिली, त्यानंच ती वर न्यायची. हात बदलला की त्या वाडीची काठी कायमची बंद.

त्या साली कुरणवाडीची काठी बिरू नावाच्या पोराच्या हातात होती. जत्रा तोंडावर आली आणि पळण्याचा सराव करताना त्याचा चवडा कातळाच्या खाचेत अडकला. टाच वरच राहिली आणि सगळा भार पावलावर आला.

"आत्ये, मार लाथ. नुसता मुरगळलाय," बिरू म्हणाला.

आत्यानं लाथ मारली नाही. घोटा दाबला, तो धड होता. तळवा उलटा करून बघितला, तर मधोमध निळा डाग. "चवड्यावर उभा राहा बघू," ती म्हणाली. बिरू टाच उचलायला गेला आणि त्याच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"ही मुरगळ नव्हं," आत्या म्हणाली. "पावलाच्या मधली हाडं धरून ठेवणारे बंध तुटलेत. आता पळालास तर जन्माचा लंगडा होशील." तिनं बांबूच्या कांबी लावून पाऊल बांधलं आणि मी सांगेपर्यंत जमिनीला लावायचं नाही, असं बजावलं.

वाडी खवळली. म्हातारीच्या पायातला गुण गेला, म्हणाले. बिरूही हट्टाला पेटला, पाय गेला तरी चालेल, मी पळणारच. ऐन विशीतला गडी, दुसरं काय बोलणार?

जत्रेच्या सकाळी ढोल घुमायला लागले. बिरू काठी धरून एका पायावर उभा, दुसरा टेकवणार, तेवढ्यात आत्यानं पदर खोचला आणि त्याच्यापुढे वाकली.

"बस पाठीवर."

पुजारी आडवा आला. आत्या त्याला म्हणाली, "हात बदलायचा नाही, मान्य. काठी त्याच्याच हातात आहे. पाय कुणाचे असावेत, हे देवानं कधी सांगितलंय?"

पुजारी वाटेतून बाजूला सरला. आणि म्हातारी पळाली हो! साठी उलटलेली बाई, पाठीवर तरणा गडी, त्याच्या हातात काठी. कातळ तिच्यासाठी खाली वाकले, करवंदीच्या जाळ्यांनी वाट सोडली, भलेभले मागे पडले, असं म्हणतात. मी तर यातला शब्द न् शब्द खरा मानतो.

बिरू पुढे पावसाळाभर घरात बसला, चिडचिड केली, आत्याच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या जत्रेत मात्र तो स्वतःच्या पायांनी चढला.

आजही जत्रेत कुणाचं पाऊल दुखावलं, तर त्याला चोळत नाहीत, चालवत नाहीत. आत्याचं नाव घेऊन जवळचा माणूस वाकतो आणि त्याला काठीसकट पाठीवर घेतो. वर देवाला काठी टेकली की तसाच उचलून दवाखान्यात. गेल्या साली पलीकडच्या वाडीचा गडी पडला, जिच्याशी आमचं पिढ्यान्पिढ्यांचं वाकडं. आमच्याच पोरानं त्याला पाठीवर घेतलं आणि असा सुटला, की त्यांची काठी आमच्या आधी पोचली. आम्ही हरलो, आणि ढोल आमच्याच वाडीनं वाजवले.