वैद्यबुवांचा पुढं केलेला हात

एका गावात एक वैद्यबुवा होते. विद्येनं मोठे, हे कुणी नाकारणार नाही. पण त्या विद्येचा तोरा असा, की रोग्यानं त्यांच्यापुढं तोंड उघडायचं नाही. सकाळी ओसरीवर रांग लागायची. बुवा डोळे मिटून हात पुढं करायचे आणि रोग्यानं त्यात आपलं मनगट द्यायचं. "नाडी सगळं सांगते, तुमची बडबड नको," म्हणत ते औषधाचं नाव घ्यायचे, की लगेच, "पुढचा!" आणि लोकही असे, की मान डोलवून पुडी घेऊन निघून जायचे.

कोपऱ्यात बसून तानूबाई खलात औषधं घोटायची. बुवांनी नाव घ्यायचं, तिनं घोटून पुडी बांधायची. वीस वर्षांत तिनं कधी ब्र काढला नव्हता.

एक दिवस रांगेत कुंभाराची सून आली. चेहरा उतरलेला, ओठ सुकलेले. उभ्या उभ्या तिनं ओसरीच्या भिंतीचा मातीचा पोपडा काढला आणि पदराआड हळूच तोंडात टाकला. ते तानूबाईनं पाहिलं आणि तिचा हात खलातच थांबला. बाईला माती कधी खावीशी वाटते, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

सुनेनं मनगट पुढं केलं. "बुवा, मला उलट्या होतात, पण मला जरा..."

"गप्प! नाडी बोलतेय ना? पित्त साठलंय. वाट्टेल ते खाता आणि इथं रडत येता."

ओसरीवरची चार माणसं फिदीफिदी हसली. सून शरमेनं मान खाली घालून उभी राहिली.

"तानूबाई, हिला जमालगोट्याचा रेचक. चांगला जहाल. पुढचा!"

तानूबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गेल्या साली कोष्ट्याची लेकही अशीच काही सांगू पाहत होती. तिलाही असंच गप्प केलं होतं. तोच रेचक तानूबाईनं याच हातांनी घोटला आणि तिसऱ्या दिवशी ती पोर पोटातल्या जिवासकट गेली. तेव्हा आपण मूग गिळून बसलो, याचा तिला वर्षभर स्वतःचाच राग येत होता.

तिनं बत्ता उचलला आणि अंगणात भिरकावला.

"मी घोटणार नाही."

"काय?" बुवांनी डोळे मिटलेलेच ठेवले. "खल घोटणारीनं मला वैद्यकी शिकवायची? चालती हो!"

"जाते. पण आधी हिचं ऐका."

"मी नाडीचं ऐकतो, रोग्याचं नाही. पुढचा!"

बुवांनी हात पुढं केला. पुढं एक खोकणारा सुतार होता. त्यानं तानूबाईकडं पाहिलं, डोळे पुसणाऱ्या सुनेकडं पाहिलं, आणि आपला हात पाठीमागं नेला. त्याच्या मागच्या म्हातारीनंही तेच केलं. मघाशी हसलेल्या चौघांनीही.

"पुढचा! अरे, मेलात की काय सगळे?"

हात तसाच अधांतरी. दंड भरून आला, तेव्हा कुठं बुवांनी डोळे उघडले. सगळी ओसरी त्यांच्याकडं रोखून बघत होती.

"काय झालं? बोला की!"

सून पुढं झाली. "बुवा, मला दिवस गेलेत. तिसरा महिना. आधीची दोन राहिली नाहीत."

बुवांचा चेहरा पांढराफटक पडला. त्या रेचकानं काय झालं असतं, ते त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

"मग आधी का नाही सांगितलंस?"

"सांगू दिलंत?" तानूबाई कडाडली. "गेल्या साली त्या कोष्ट्याच्या लेकीला सांगू दिलंत?"

"कोण कोष्ट्याची लेक?"

"घ्या! आठवणार कशी? तिचं तोंड तुम्ही पाहिलंच नव्हतंत."

बुवा गादीवरून उठले, अंगणात गेले, बत्ता उचलला, उपरण्यानं पुसला आणि तानूबाईपुढं ठेवला. मग सुनेला म्हणाले, "बस, माय. पहिल्यापासून सांग."

पुढं सुनेला मुलगी झाली, चांगली ठणठणीत. तानूबाईचा राग मात्र गेला नाही, आणि का जावा? कोष्ट्याची लेक काही परत आली नाही. तानूबाई औषधं घोटत राहिली, पण रोग्याचं बोलून होईपर्यंत तिनं बत्त्याला हात लावला नाही. मध्येच बुवांचे डोळे मिटू लागले, की ती तो बत्ता खलावर दाणकन आपटायची.

तात्पर्य काढायचंच तर एवढंच: ज्याला रोग्याचं ऐकून घ्यायला सवड नाही, त्यानं त्याच्या मनगटाला हात लावू नये.