तळ्यात राहायला आलेला पाहुणा

मुलांनो, डोंगराच्या पायथ्याशी करवंदीच्या जाळ्यांआड एक तळे होते आणि त्यात लहान लहान बेडकांची वस्ती होती. अंगठ्याएवढे बेडूक, पण तोरा काय विचारता! बगळा आणि पाणसाप हे आपले वैरी, एवढे त्यांना पक्के पाठ होते. तिसरा कोणी वैरी असू शकतो, हे त्यांच्या स्वप्नातही आले नव्हते.

एके दिवशी एक माणूस बादली घेऊन आला. हौसेने पाळलेला परमुलखातला बेडूक त्याला आता नकोसा झाला होता. त्याने बादली तळ्यात उपडी केली आणि हात झटकून तो चालता झाला. बाहेर पडलेला बेडूक चांगला नारळाएवढा होता. त्याने गाल फुगवून असा काही आवाज काढला, की काठावरचा बगळा दचकून उडालाच. झाले! सगळे तळे त्याच्यावर खूश.

"अहो, हा तर आपल्यातलाच!" म्हातारा बेडूक म्हणाला. "डराव करतो, उड्या मारतो, आणखी काय हवे? राहा हो पाहुणे, तळे तुमचेच आहे."

पाहुणा राहिला. त्याच वस्तीत एक बेडकी होती. तिची पिल्ले नुकतीच अंड्यांतून निघून काठच्या शेवाळात शेपट्या हलवत फिरत होती. बेडकी रोज त्यांना बघायला जाई आणि रोज ती कालच्यापेक्षा कमीच दिसत. ती घाबरून म्हाताऱ्याकडे गेली.

"आजोबा, माझी पिल्ले कमी होताहेत हो!"

"पाणसाप असेल."

"तो तर पाहुण्यांना भिऊन कधीच पळाला."

"मग बगळा."

"बगळाही फिरकत नाही आता."

"अगं, बेडूक कधी बेडकाला खातो का? पाहुण्याला असले काही विचारू नकोस बाई, बरे दिसत नाही."

बरे दिसत नाही म्हणे! हिची पिल्ले जात होती आणि याला रीतभात सुचत होती. शेवटी बेडकीच पाहुण्यासमोर जाऊन उभी राहिली. "भाऊ, खरे सांगा, माझी पिल्ले तुम्ही खाता?"

"खातो की," पाहुणा म्हणाला. त्याला ना राग आला, ना लाज वाटली. "समोर हलेल ते मी खातो. मला दुसरे काही येत नाही. आणि मला तरी इथे विचारून कुठे आणले?"

पाहुण्याने तोंड फिरवताच बेडकी उड्या मारत म्हाताऱ्याला सांगायला गेली, तर त्याचा बसायचा दगड रिकामा. शेजारचेही सगळे दगड रिकामे. तिचे गाऱ्हाणे ऐकायला वस्तीत कोणी उरलेच नव्हते.

एकच पिल्लू वाचले होते, खडकाच्या कपारीत. पाहुण्याला त्याचा पत्ता लागू नये म्हणून बेडकीने तोंडातून आवाज काढणेच सोडून दिले. दिवस गेले, पिल्लाला पाय फुटले, शेपटी गळाली आणि ते पहिल्यांदा काठावर आले. पलीकडच्या काठावर बसलेल्या बेडकीला राहवले नाही. "इकडे ये रे बाळा, इकडे!" ती जीव तोडून ओरडली. तेवढ्यात तळ्याच्या मध्यावर पाहुण्यानेही गाल फुगवले. पिल्लू क्षणभर थांबले. आईचा आवाज त्याने कधी ऐकलाच नव्हता. जन्मल्यापासून ऐकला होता तो पाहुण्याचाच. "हाच आपला!" म्हणत बिचारे टुणटुण उड्या मारत आनंदाने तिकडे गेले.

बेडकी बराच वेळ ओरडत होती. मग तिचाही आवाज यायचा थांबला.

त्या वाटेने जाणारी माणसे आजही डराव डराव ऐकून म्हणतात, "बेडकांची चंगळ आहे हो या तळ्यात!" बेडूक आहे एकच.

तात्पर्य एवढेच : समोरचा कोणासारखा दिसतो यावरून धोका ओळखू नका, आपल्यातून कोण कोण नाहीसे होत आहे ते बघा, आणि ते वेळेवर बघा, कारण उशिरा आलेल्या शहाणपणाने गेलेले परत येत नाहीत.