खवले सरांची पाच वर्षं

एक होतं जंगल आणि त्याचा एक होता वाघ. वाघ निवडून आलेला होता, त्यामुळे त्याला कुणी हुकूमशहा म्हणत नसे. म्हणणारे एक-दोघं होते, त्यांना महाराजांनी चहाला बोलावलं. महाराजांकडचा चहा फार वेळ चालतो. गेलेला परत आलेला कुणी पाहिलेला नाही.

या जंगलात एक महाविद्यालय होतं आणि महाविद्यालयाचा फुटबॉल संघ होता. संघ शेजारच्या जंगलातल्या हत्तींकडून दरवर्षी हरायचा. नुसता हरायचा नाही, गोल मोजणारी खार दमून रजेवर जायची. हरल्यावर प्रशिक्षकाला चहाचं बोलावणं यायचं. अशाने जंगलातले प्रशिक्षक संपत आले आणि शेवटी नेमणूक झाली खवले सरांची.

खवले सर हे खवले मांजर. स्वभाव भिडस्त. कुणी आवाज चढवला की अंगाचं गोल गाठोडं करून बसायचे आणि सगळं शांत झाल्याशिवाय उलगडायचे नाहीत. पण खेळ कळायचा त्यांना. संघ बघून ते घाबरले नाहीत, हेच माझ्या मते मोठं.

"महाराज, यांना पायापासून शिकवावं लागेल," ते म्हणाले. "पाच वर्षं द्या."

"दिली!" महाराज म्हणाले. सभा होती, समोर गर्दी होती. अशा वेळी महाराज काहीही देतात.

पाच वर्षं धीर धरायचा म्हणून लगेच धीर खातं निघालं आणि कोल्हा धीरमंत्री झाला. त्याने धीर सप्ताह पाळला, धीर दौड काढली. दौडीत ज्याला त्याला पुढे जायची घाई, त्यामुळे चेंगराचेंगरी झाली. माकडं झाडाझाडांवरून घोषणा देऊ लागली: "कोण म्हणतो जिंकणार नाय? हरल्याशिवाय राहणार नाय!" घोषणेत काहीतरी चुकतंय असं एका मोराला वाटलं. पण त्याला चहा आवडत नसे, म्हणून तो गप्प बसला.

इकडे सर कामाला लागले. कर्णधार गुणाजी हा ससा. चेंडू पायात आला की तो घेऊन थेट घरी पळायचा. गोलरक्षक भिकोबा हा गवा. तो गोलाच्या खांबाला टेकून रवंथ करायचा.

"गुणाजी, पास दे रे बाळा," सर रोज म्हणायचे.

"दिला आन् त्यानं परत न्हाई दिला तर?" गुणाजी विचारायचा.

प्रश्न राजकारण पाहिलेल्याचा होता. सरांनी त्याला महिनोन्महिने समजावलं. एका सकाळी गुणाजीने खरोखर पास दिला, तोही आपल्याच संघातल्या हरणाला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाच वर्षं मिळाली तर ही पोरं खेळतील, त्यांना खात्री पटली. त्यांना दुसरं काही नकोच होतं.

तेवढ्यात, पहिलं वर्ष सरता सरता, निवडणूक लागली.

"महाराजांचा धीर अफाट आहे," कोल्हा येऊन म्हणाला. "फक्त तो सामन्याच्या मध्यंतरापर्यंतच आहे. मतदानाआधी हत्तींना हरवायचंय."

सामना भर दुपारी ठेवला. पंच घुबड. त्याला दोन्ही बाजू दिसत नसल्यामुळे त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल कुणाला शंका नव्हती. मध्यंतराला हत्तींचे फक्त दोन गोल झाले होते. सर आनंदाने नाचायचेच बाकी होते. पण प्रेक्षकांना आपल्या संघाचं शून्य दिसत होतं.

"धीर संपला!" माकडं किंचाळली. "खवले हटाव!"

सगळं जंगल ओरडायला लागलं. सरांनी गाठोडं केलं आणि उतारावरून गडगडत ते मैदानाच्या मधोमध गेले. नेमका त्याच वेळी एक हत्ती दमून खाली बसला, तो चेंडूवर. घुबडाने खेळ पुन्हा सुरू करायची शिट्टी फुंकली. समोर काहीतरी गोल दिसलं म्हणून मध्यंतरात तिथेच रेंगाळलेल्या भिकोबाने सगळा जोर लावून लाथ घातली.

सर हत्तींच्या जाळ्यात.

"गोल!" घुबड म्हणालं.

जंगल वेडं झालं. भिकोबा पुन्हा सरसावला आणि बरोबरी झाली. मग गुणाजीच्या पायात चेंडू आला आणि आतून बारीक आवाज आला, "गुणाजी, पास दे रे बाळा." सर सांगतात म्हटल्यावर गुणाजीने दिला. तिसरा गोल झाला आणि जंगल जिंकलं.

महाराजांनी भाषण केलं. "पाच वर्षांचं काम आम्ही एका दुपारी करून दाखवलं!"

टाळ्या थांबल्यावर सर हळूहळू उलगडले. सहा खवले निखळले होते. "महाराज," ते म्हणाले, "पोरं आता कुठे शिकायला लागलीत. माझी उरलेली चार वर्षं..."

"दिली!" महाराज म्हणाले. "पण प्रशिक्षक म्हणून नाही. चेंडू म्हणून."

गुणाजी तेवढा रडला. बाकीचे मिरवणुकीत होते.

निवडणुकीत महाराजांनाही आणखी पाच वर्षं मिळाली. जंगल नव्याने उभारायचं म्हणजे वेळ लागणारच, हे जनतेला पटतं. प्रत्येक वेळी पटतं.