शेवंतावहिनींची जावा

डब डब डब असा जावा मोटारसायकलचा आवाज पेठेच्या कोपऱ्यावर आला, की मी हातातला पाना खाली ठेवायचो. गणपतराव गाडीवर असायचे आणि मागे शेवंतावहिनी. त्याला आता चाळीस वर्षं झाली. गणपतराव गेल्यावरही वहिनी गाडी रोज पुसायच्या, आणि मी ती माझ्या गॅरेजात चालू ठेवायचो.

अशा जुन्या गाड्यांना हल्ली मोठा मान आलाय. साखर कारखान्याचे संचालक जयसिंगराव तर त्या आपल्या बंगल्यात मांडून ठेवतात. एका सकाळी जावा माझ्या गॅरेजात असताना ते चार माणसं घेऊन आले. वहिनी तिथंच होत्या.

"ही गाडी माझी. दहा वर्षं रोज चालवली, मग गणपतला सांभाळायला दिली. आज घेऊन जाणार," ते म्हणाले.

गाडीचे कागद पुरात गेले होते. वहिनी मात्र शांतपणे म्हणाल्या, "न्या की भाऊजी. चालू करा आणि न्या."

जयसिंगराव ऐटीत बसले. त्यांनी उजवीकडे पायानं चाचपलं, डावीकडे वाकून पाहिलं आणि माझ्यावर खेकसले, "किक कुठं काढून ठेवलीस रे?"

वहिनींनी डावीकडचा गिअरचा दांडा आत दाबून वर फिरवला. जावाचा गिअर आणि किक हा एकच दांडा असतो.

"दहा वर्षं रोज ढकलूनच चालू करत होता काय, भाऊजी?"

चारही माणसं तोंड फिरवून हसली. जयसिंगराव गाडीवरून उतरले, सदरा सारखा केला आणि चालू लागले.