घटिकापात्राचा थरकाप

पूर्वी त्रेतायुगात, म्हणजे बघा, दैत्यांना सढळ हातानं वर मिळत होते तेव्हा, विकराक्ष नावाच्या दैत्यराजाला ब्रह्मदेवानं अमरत्व दिलं. मात्र दिलेला शब्द स्वतःच्या हातानं मोडशील त्या क्षणी भस्म होशील, असंही बजावलं. तेव्हापासून विकराक्ष शब्द मोडायचा तो दुसऱ्याच्या हातून.

एकदा त्यानं तृणप ऋषींची पत्नी शुभ्रा हिला धरून आणलं नि ऋषींना म्हणाला, "सूर्योदयापासून तीस घटिका देतो. सात नद्यांचं जल आण, हिला सोडतो. चुकलास तर हिची आहुती!"

तपोधन ऋषी वायुवेगानं निघाले.

दरबारात घटिका मोजायला कुणिक बसे. तांब्याचं वाटीएवढं पात्र, बुडाला सुईच्या टोकाएवढं छिद्र. कुंडातल्या पाण्यावर सोडायचं, सावकाश भरून बुडालं की एक घटिका झाली. त्याच्या सात पिढ्या हेच करत आल्या होत्या.

तिसावं पात्र पाण्यावर आलं, तोच क्षितिजावर ऋषींच्या पावलांची धूळ दिसली. प्रधान दुर्धर लोखंडी सुई घेऊन कुणिकाच्या कानाशी लागला.

"बाबा रे, छिद्र जरासं रुंद कर."

"प्रधानजी, मग ती घटिका नव्हे."

"नव्हे तर नव्हे! पाण्याला काय कळतंय?"

"मला कळतं ना."

"फार कळतं हो तुला! तुझ्या चुलत्यालाही असंच कळायचं. त्याची कवटी महाद्वारावर आहे. येता-जाता नमस्कार करतोस ना?"

 कुणिकाच्या थरथरीनं कुंडातलं पाणीसुद्धा कापू लागलं. सकाळीच बायको म्हणाली होती, "सांगतील तसं करा, धनी. शूर होऊ नका." शूर तो नव्हताच. सिंहासनाकडे वळून त्यानं हात जोडले.

"महाराज, मला फार भय वाटतंय. पण हे माझ्या हातून व्हायचं नाही."

विकराक्षानं तिथल्या तिथे त्याचा अंगठा तोडवला, चाकरी काढून घेतली, आणि सुई प्रधानापुढे धरली. ऋषीचा शाप पात्रात सुई घालणाऱ्यावरच पडणार, हे आता भर सभेत प्रत्येकाच्या मनात आलं होतं.

"महाराज, माझी दृष्टी अधू," प्रधान पुटपुटला. सेनापती पायांकडे बघू लागला.

धूळ वेशीशी आली. तेव्हा क्रोधानं अंध झालेल्या विकराक्षानं सुई उचलली नि स्वतःच छिद्रात खुपसली. पात्र गपकन बुडालं. त्याची बोटं कोळशासारखी काळी पडली, मग दंड, मग मस्तक. सिंहासनावर मूठभर राख उरली.

शुभ्रा सुटली. कुणिकाचा अंगठा मात्र परत आला नाही. शेजारच्या राजांनीही त्याला ठेवून घेतलं नाही, म्हणाले, "माणूस भला, पण ऐकणारा नव्हे."

हे कळताच ऋषी त्याच्या झोपडीत आले. तो अजून कापतच होता.

"वत्सा, वर माग. हे भय हरण करू?"

कुणिक म्हणाला, "नको, महर्षे. भय असू दे. फक्त या कामाला बसेल त्याला एकट्याला भ्यावं लागू नये."

"तथास्तु! घटिका मोजणाऱ्याचं भय घटिकापात्र वाटून घेईल."

म्हणून लग्नघरी हळदकुंकू वाहून घटिकापात्र पाण्यावर सोडतात, तेव्हा ते आधी क्षणभर थरथरतं. तोवर त्याला कोणी हात लावत नाही. मग ते शांत होतं, आणि आपल्याच वेळी बुडतं.