सोन्याचा लगाम आणि पारव्याची मान

एका राज्यात राजा ओळखला जाई तो मुकुटावरून नव्हे, घोड्यावरून. दसऱ्याला राजाने घोड्यावर बसून सीमा ओलांडायची आणि त्या वेळी घोड्याची मान हंसासारखी वळलेली असायची, असा तिथला शिरस्ता. मान वळली म्हणजे घोडा शिकून तयार, असं शेंबडं पोरही सांगे. साफ खोटं होतं ते. पण शिरस्त्यापुढे बोलतो कोण?

तिथला राजा धृतवर्मा. त्याचा घोडा पारवा, कबुतराच्या रंगाचा, वयाने कोवळा. घोडा घडायला वर्षं लागतात, आणि राजाला दम नव्हता. तो अंजनडोहाच्या मांत्रिकाकडे गेला. मांत्रिकाने डोहातल्या शापित खजिन्यातून सोन्याचा लगाम काढून दिला.

"ओढ. मान वळेल. पुढचं मला विचारू नकोस."

राजाने विचारलं नाही. दसऱ्याला ओढला. मान वळली, लोकांनी फुलं उधळली, आणि राजाची उजवी मूठ लगामासकट दगडाची झाली.

लगाम कापून घोडा सोडवला. पण शाप त्यालाही लागला होता. एकटा असला की पारवा हरणासारखा हलका. पाठीवर स्वार आला की त्याची मान धोंड्यासारखी जड होई आणि सगळा भार तो स्वाराच्या हातांवर टाकी. इकडे राजाचा दगड मनगटावरून कोपराला, कोपरावरून खांद्याला चढत गेला. पुढच्या दसऱ्याला तो काळजाला भिडणार, हे आंधळ्यालाही दिसत होतं.

राजाला एकच लेक, उत्पला. ती डोहावर गेली आणि मांत्रिकासमोर उभी राहिली.

"उपाय सांगा."

"घोडा स्वारासकट स्वतःची मान स्वतः पेलील, त्या दिवशी मूठ सुटेल. कसोट्या तीन. पाय टेकायच्या रिकिबी काढून बस, डोक्यावर भरला कलश, थेंब सांडू नये. मग हाताने न ओढता घोडा थांबव. आणि दसऱ्याला लगामाच्या जागी रेशमाचा एकच धागा बांधून सीमा ओलांड. धागा तुटला तर बाप शिळा."

"बरं," म्हणाली उत्पला आणि परतली.

पागेच्या आढ्यावर एक साळुंकी राही. तिला माणसासारखं बोलता येई, आणि माणसांची भीड तिला नव्हती. उत्पला रिकिबी काढून पारव्यावर बसली, डोक्यावर कलश ठेवला. पारवा दोन पावलं चालला आणि उत्पला नखशिखान्त भिजली.

"आंघोळ झाली का, राजकन्ये?" साळुंकीने विचारलं.

"घोडाच हिसके देतोय!"

"घोडा? बाई गं, तू गुडघ्यांनी त्याला अडकित्त्यात धरलायस. सुपारी आहे का तो?"

उत्पलाला राग आला. राग गिळून तिने गुडघे सैल सोडले. मांड्या खाली लोंबू दिल्या, टाचा कमरेखाली आणल्या, खांदे कमरेवर ठेवले. पडत-भिजत हिवाळा सरला. एके सकाळी पारव्याची पाठ तिच्याखाली लाटेसारखी हलली, तिची कंबर त्या लाटेबरोबर गेली, आणि कलशातलं पाणी गप्प राहिलं.

दुसऱ्या कसोटीला चाबूकस्वार हैबतजी बघायला आला. घोडे शिकवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं.

"न ओढता थांबत नसतो घोडा, बाईसाहेब. भिंतीला धडकेल आणि थांबेल."

"मग भिंत जरा भक्कम करून ठेवा, हैबतजी."

तिने हात पोटाशी ठेवले. श्वास सोडला, पाठ ताठ न करता उंच केली आणि चाललेली कंबर थांबवली. पारवा तसाच गेला. पुन्हा केलं, पुन्हा गेला. भिंत जवळ आली तेव्हा पारव्याने कान मागे वळवले, मागचे पाय पोटाखाली घेतले आणि उभा राहिला.

हैबतजीने पागोटं सारखं केलं. "मला हे कोणी शिकवलं नाही," तो म्हणाला, आणि दुसऱ्या दिवसापासून घोड्याचा दोर धरायला स्वतःहून येऊ लागला.

खरं अवघड पुढेच होतं. रेशमी धाग्यावर पारव्याला टेकायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने मान लांब केली आणि नाक जमिनीपर्यंत नेलं. दरबार हसला. राजा पालखीतून ओरडला, "माझ्या घोड्याचा बैल केलास!"

"महाराज, त्याची पाठ दुखते आहे," उत्पला म्हणाली. "आधी तो ताणून घेईल. मान मागून, मागच्या पायांच्या जोरावर वर येते. पुढून ओढून आणली की ती तुमच्या हातासारखी होते."

राजाने डाव्या हाताने पालखीचा पडदा ओढून घेतला. दगड तेव्हा गळपट्टीला लागला होता.

दसरा आला. उत्पला सीमेकडे निघाली, मागे पालखी. राजाला श्वास पुरत नव्हता. सीमेवर नगारा दणाणला आणि पारवा बिथरला. जुनी सवय, त्याने सगळी मान पुढे टाकली. धागा तारेसारखा ताणला गेला. उत्पलाची बोटं आपोआप आवळायला लागली. बापाचा घरघरता श्वास तिला ऐकू येत होता. धरावं, की सोडावं?

तिने बोटं उघडली. धागा सरसर पुढे गेला. पारव्याला टेकायला काही सापडेना. तो पुढे कोसळतो की काय असं झालं. उत्पला नुसती बसून राहिली. खांदे जागेवर, टाचा खाली, श्वास लांब. पारव्याने मागचे पाय आत ओढले, मागचे पुठ्ठे खाली गेले, पाठ उचलली, आणि मान आपली आपण वर आली. वळली, आणि धागा मधोमध झोळीसारखा लोंबत राहिला. असा तो नाचल्यासारखा सीमा ओलांडून गेला.

राजाची मूठ उघडली. दगड पापुद्र्यासारखा गळून पडला. सोन्याचा लगाम धुळीत पडला आणि सळसळत डोहाकडे निघून गेला. कोणी अडवला नाही.

राजा पालखीतून उतरला. हात मोकळा होताच त्याने पहिलं काय करावं? पारव्याचा धागा धरायला हात पुढे केला! पारवा एक पाऊल मागे सरला.

"आज नाही, महाराज," उत्पला म्हणाली.

"मग केव्हा?"

"तुम्हाला बसता येईल तेव्हा."

सगळे माना खाली घालून उभे. राजाने आपल्या तळहाताकडे पाहिलं, बोटं मिटली, उघडली. मग त्याने जोडे काढून भोयाच्या हाती दिले आणि लेकीच्या घोड्यामागून पायी सीमा ओलांडली. राजा पायी, असं त्या राज्यात कधी झालं नव्हतं. नगारेवाला घोटाळला; मग त्याने टिपरू उचललं आणि पायी राजासाठी नगारा वाजवला.

त्या राजाची मूठ सुटली, तशी ऐकणाऱ्यांची सुटो.